साखरबाईंच्या गळ्यातली पुतळी

“गळ्यातनं काढावीच लागंल का?”

हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. काउंटरच्या काचेवर दोन्ही कोपरं टेकून त्या वाकल्या होत्या. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची चकती काचेला टेकत होती, उचलली जात होती, पुन्हा टेकत होती. टिक्. टिक्. दुपारचे तीन वाजत आले होते. बाहेर बारामतीचा रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता आणि दुकानात पंख्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

“मावशी, गळ्यात ठेवून कसं होणार? मशीनखाली सपाट ठेवावी लागते. आणि तो उजेड फार कडक असतो. कातडीला लागला तर भाजेल.”

“मग ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत.

मी पावतीपुस्तक ओढलं. “नाव तरी सांगा. बघू काय करता येतं ते.”

“साखरबाई. निमगाव केतकी.”

आमचं दुकान एका शटरचं. ज्ञानेश, माझे मिस्टर, एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. तिथे लोखंडावर नंबर टाकणारं लेझर मशीन त्यांनी पाहिलं आणि महिनाभर ते झोपेतही त्याचंच बोलत होते. मी फिजिक्सची पदवीधर. छकुली झाल्यापासून घरीच होते. शेवटी मशीन आलं, आणि सकाळी पंपांच्या पट्ट्या, दुपारी पाट्या, ढाली, पेनांवरची नावं असा माझा दिवस त्या उजेडाखाली जाऊ लागला.

छकुली चार वर्षांची आहे. तिला घरी सोडवत नाही आणि दुकानात आणलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. मशीनभोवती मी फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे. पट्टीच्या आत यायचं नाही, मशीन सुरू असताना तिकडे बघायचं नाही, आईनं हिरवा चष्मा घातला की आपणही घालायचा. हे तिला पाठ आहे. तरी काम करताना माझा एक डोळा पट्टीवर असतो. त्या मशीनचा खरा किरण डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही त्याचीच मला जास्त भीती वाटते.

“आमच्या राजनंदिनीला कबड्डीची ढाल मिळालीय,” साखरबाई म्हणाल्या. “तिच्यावर तिचं तोंड काढलंय तुमी. हुबेहूब. नाकावरची चामखीळसुदिक. मागं दुकानाचं नाव हुतं, म्हणून आले. हिच्यावर असंच एक तोंड काढून पायजे.”

त्यांनी चकती बोटांत धरून माझ्यापुढे केली. कडेनं बारीक मण्यांची नक्षी होती. मधे काहीच नव्हतं. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या गोट्यासारखी पांढरी, रिकामी जागा.

“कुणाचं तोंड?”

“माझ्या सवतीचं.”

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. माझ्याकडे बघून त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू लहान पोरीसारखं दिसलं.

“तुमा शिकलेल्यांना ठावं नसंल. दुसरेपणाची बायको पयलीची पुतळी गळ्यात घालती. नवं लुगडं नेसायचं तर आदी हिला दावायचं. पुरणाचा घास हिला दाखवून मग तोंडात घालायचा. बेचाळीस वरसं झाली. मालक गेले तवा मंगळसूत्र उतरलं, ही न्हाय उतरली.”

मी छकुलीला खाऊचा डबा उघडून दिला आणि साखरबाईंना खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं ते असं.

पहिली बायको तापानं गेली तेव्हा तिच्यामागे दोन वर्षांची मुलगी होती, कौसल्या. साखरबाईंनी तिला वाढवलं, कळंबला लग्न करून दिलं. आता कौसल्याची मुलगी, म्हणजे ढालवाली राजनंदिनी, हिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांनाही पाटावर मांडून आवतण द्यायची त्यांची रीत. कौसल्यानं निरोप पाठवला होता, ‘माझ्या आईला हळदीच्या दिवशी पाटावर बसवायचंय. पुतळी घेऊन ये.’ त्या आईचा फोटो कुणीच कधी काढला नव्हता. पुतळीवर सोनारानं ठशातून उठवलेलं तोंड होतं, तेवढीच तिची खूण. आणि ती खूण आता उरली नव्हती.

“आक्काबाई म्हंजे आमची नणंद. संक्रांतीला आली, डोळ्याजवळ धरून बघितलं आणि म्हणती कशी, घासून घासून पुसलीस व्हय गं तिला? तवापासून ह्योच इचार हाय. समद्या पावण्यांच्या म्होरं पाटावर ठेवली आणि तोंडच न्हाय, तर कौसल्या काय म्हणंल? ती म्हणंल, हिनंच माझी आई पुसली.”

“सोनाराकडे नाही गेलात? तो नवीन ठसा मारून देईल की.”

“इंदापूरला गेलते. तो म्हणला, वितळवून नवी करतो.” त्यांनी चकती मुठीत धरली. “एकदा जाळली की तिला. आता पुन्यांदा इस्तवात घालू व्हय?”

पंखा फिरत राहिला.

“तुमचं उजेडाचं हाय म्हणत्यात. इस्तू न्हाय.”

खरं तर तोही जाळणाराच उजेड. पण मी मान हलवली, आणि हलवताना मला बरंही वाटलं. कुणीतरी माझ्या मशीनवर पंपाच्या नंबरापेक्षा मोठं काम सोपवत होतं.

पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. वीस वर्षांची कौसल्या, साडीत, इंदापूरच्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या बागेपुढे उभी. “समदी म्हणत्यात, आईच्या वळणावर गेलीया. हिच्यावरनं काडा.”

मला ते पटलं. इतकं सहज पटलं, याची आता लाज वाटते. फोटो मी फोनमध्ये घेतला, डोक्यावर पदर ओढला, कपाळावर आडवं कुंकू काढलं, नाकात नथ घातली, केसांचा भांग जुन्या वळणाचा केला. चाळीस वर्षं मागे जायला मला दहा मिनिटं लागली. “आधी साध्या पत्र्यावर काढून बघू,” मी म्हणाले. “आवडलं तर मग चांदीवर.”

मशीनखाली हातभर अंतरावर स्टीलची कोरी पट्टी ठेवली. साखरबाईंना हिरवा चष्मा दिला, छकुलीला तिचा दिला. छकुली पिवळ्या पट्टीला अंगठे लावून उभी राहिली. आधी लाल चौकोन पत्र्यावर नाचला, जागा दाखवणारा. मग मी पायानं बटण दाबलं.

ज्या वेळी मशीन चित्र काढतं, त्या वेळी मला नेहमी वाटतं की हे आपण करत नाही आहोत. पांढरी ठिणगी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते, एक केसाएवढी रेघ खाली उतरते, पुन्हा धावते. आत दोन इवलेसे आरसे थरथरत असतात, त्यांच्या थरथरीनं उजेड लिहितो. बारीक चिरका आवाज येतो, तापल्या धातूचा वास येतो. वरून खाली, पाऊस भिंत भिजवत उतरतो तसा आधी पदर उतरला, मग भांग, मग कपाळ.

“साधा उजेड न् ह्यो, फरक काय गं पोरी?” चष्म्याआडून साखरबाईंनी विचारलं.

कॉलेजातल्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी माणकाच्या खड्याच्या बोटाएवढ्या कांडीतून हा उजेड पहिल्यांदा बाहेर काढला. साध्या उजेडातले कण वाटेल तिकडे जातात, याचे सगळे एका दिशेनं, एका पावलानं चालतात. म्हणून त्याला धार येते. मी ते माझ्या परीनं सांगितलं.

“आलं ध्यानात. आमच्या बाची मेंढरं हुती. रानात सोडली की शंभर दिशेला. पण सांजच्याला वाघरीच्या जाळ्यात घ्यायची म्हणलं की एवढीशी वाट ठेवायची. मग एकामागं एक, एकामागं एक. पायानं दगुडसुदिक झिजायचा त्या वाटंवरला.”

सरांनासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नसतं.

मशीन थांबलं. मी पट्टी फडक्यानं पुसून त्यांच्या हातात दिली. करड्या धातूवर नथ घातलेली, पदर घेतलेली एक बाई सरळ बघत होती. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी चष्मा काढला, पट्टी उन्हाकडे तिरपी धरली. बराच वेळ बघितलं.

“ही तर कौसल्या हाय.”

“हो, पण आईच्या वळणावर म्हणालात ना. थोडं जुनं केलंय मी...”

“न्हाय. ही कौसल्याच हाय. हिच्या भिवईत खोक हाय बघ, गोठ्यात पडलेली.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “जित्या पोरीचं तोंड मेलेलीच्या पुतळीवर? आन् पाटावर बसवून तिच्याच हातानं तिला पुजायला लावू? आगं, काय करत हुतो आपण दोघी!”

छकुली चष्मा घालून आपल्याच हाताकडे बघत उभी होती. मी जाऊन तिला उगाचच उचलून घेतलं. कपाळाला हात लावला. नेहमीसारखंच गार होतं. तरी पुन्हा लावला.

साखरबाईंनी पट्टीवरचं कुंकू नखानं खरवडून बघितलं. निघालं नाही. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि पट्टी फोटोसोबत गुंडाळून पिशवीत टाकली. “हिची हिलाच देते. नथीत ब्येस दिसती. पोरीच्या ढालीशेजारी लावंल.”

मग त्या जायला उठल्या. का कोण जाणे, मला त्यांना तसं जाऊ द्यायचं नव्हतं. “मावशी, एकदा पुतळी हातात द्या. काही करत नाही. नुसती बघते.”

त्यांनी पाठ फिरवली, पदराआड दोरा डोक्यावरून काढला आणि पुतळी माझ्या तळहातावर ठेवली. दोऱ्याचं टोक मात्र मुठीत धरून ठेवलं. मेंढराला धरावं तसं.

भिंगाखाली धरली तेव्हा कळलं की काम तसंही झालं नसतं. पातळ पत्र्याची पुतळी. तोंड ठशानं वर उठवलेलं होतं आणि आता तिथे खळगा होता, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. उजेड फक्त काढून घेतो. त्याला भर घालता येत नाही. तिथे त्यानं डोळा काढला असता तर आरपार भोक पडलं असतं.

पण मी बघत राहिले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. कडेचे मणी सगळे शाबूत होते. एकेक मोजता येईल असा. चिंचेनं घासून झिजली असती तर कडा आधी गेल्या असत्या. आणि खळगा मधोमध नव्हता. थोडा खाली, एका बाजूला कललेला, लांबट, पण पसरट नाही. लहानसा.

छकुलीला अजून मांडीवर झोपायची सवय आहे. झोपताना ती माझ्या मंगळसूत्राची वाटी धरते आणि अंगठ्यानं चोळत राहते. झोप लागली की अंगठा थांबतो. तो थांबला की मी श्वास सोडते. त्या वाटीला खालच्या अंगाला तिरपी चमक आली आहे.

“मावशी,” मी विचारलं, “कौसल्याताई लहानपणी कशी झोपायची?”

“कशी म्हंजे? मांडीवर. दुसरीकडं झोपतच नसायची.”

“हातात काय धरायची?”

त्या उत्तर द्यायला लागल्या आणि थांबल्या. दोरा धरलेली मूठ हळूहळू सैल झाली. त्या परत खुर्चीवर बसल्या.

“मी आले तवा अठराची. ती दोनाची,” त्या म्हणाल्या. आवाज आता दुकानातून नाही, कुठून तरी लांबून येत होता. “माज्याकडं यायचीच न्हाय. भिताडाला तोंड करून आई आई करायची. मग मी ही दावली. म्हणलं, ही बघ तुजी आई, माज्या गळ्यात हाय. माज्यापाशी आलीस तर आई घावंल. मग आली. हितं अंगठा ठेवायची आन् डोळं मिटायची. रोज. साळंत जायाला लागली तरी. चोळायची, चोळायची...”

त्यांनी माझ्या हातातली पुतळी बघितली. भिंग मी त्यांच्यापुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही.

“आन् मला वाटायचं, माज्या हातनं गेली.”

छकुली डब्यातले चुरमुरे एकेक करून खात होती. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला आणि गाणं बराच वेळ दुकानात राहिलं.

“आता काय करू या?” मी विचारलं.

“तोंड नको. मागं नाव टाक तिचं. बसंल का?”

“कडेला बसेल. तिथे जाड आहे. बारीक टाकते. काय नाव होतं?”

“साखरबाई.”

“तुमचं नाही मावशी, त्यांचं.”

“तिचंच सांगते. आमच्यात लग्नात नाव बदलत्यात. सासूनं तांदळात तेच नाव काडलं. म्हणली, घरात साखरबाईच ऱ्हाऊ दे.”

“मग तुमचं माहेरचं?”

“चौथी पोर मी. नकोशी ठेवलं हुतं.” त्या पुन्हा हसल्या, त्या दोन दातांच्या फटीतून. “तिनं मला बरं नाव दिलं की. कुणी हाक मारली की गोड लागायचं. लई दिवस वळून बघायची मी, तिला हाक मारली का मला म्हणून.”

चांदी उजेड परत फेकते, म्हणून चांदीचं काम मला नेहमी धास्तीचं वाटतं. छकुलीला मी पिवळ्या पट्टीपासून आणखी चार पावलं मागे बसवलं. पुतळी पालथी मातीच्या गोळ्यात घट्ट बसवली. दोरा काढायला साखरबाई तयार नव्हत्या, म्हणून तो मशीनबाहेर सोडला. त्याचं टोक त्यांच्या हातात. अक्षरं मुंगीएवढी केली. उजेड सहा वेळा त्याच वाटेवरून गेला, एकामागं एक. काढून झालं तेव्हा पांढुरका धूर मशीनजवळच्या पंख्याच्या नळीत ओढला गेला.

“निघालेली चांदी कुठं जाती?”

“धुरातून जाते. फार नसते, कणभर.”

त्यांनी त्या नळीपुढे क्षणभर पदर धरला. मग पुतळी घेतली, नावावरून बोट फिरवलं आणि पाठ करून पुन्हा गळ्यात घातली.

हळदीला मी छकुलीला घेऊन गेले. बोलावलं होतं म्हणून, आणि तोवर रोज मला त्याच पाटाची स्वप्नं पडत होती म्हणूनही. कळंबला ज्ञानेशनी सोडलं. मांडवात बायकांची गर्दी, राजनंदिनी पिवळ्या साडीत, भिंतीवर ढाल, आणि ढालीशेजारी खरंच ती स्टीलची पट्टी, नथीतली कौसल्या. साखरबाई दाराच्या कडेला बसल्या होत्या. मी दिसताच त्यांनी छकुलीला जवळ ओढून मांडीवर घेतलं.

पाटावर तांदूळ, तांदळावर विड्याचं पान, पानावर पुतळी. आक्काबाई चष्मा सावरत वाकल्या.

“आगं बया! तोंड कुठाय हिला? मी म्हणलंवतं की न्हाय? पुसली ती पुसलीच. बेचाळीस वरसं घासलं, मग ऱ्हाईल काय?”

बायका पाटाभोवती वाकल्या. माझ्या ओठावर सगळं आलं होतं. मणी, खळग्याचा तिरपेपणा, सगळं. साखरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. नको.

“झालं खरं माज्याकडनं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

कौसल्या मोठ्या हाडाची, चव्वेचाळीस वर्षांची बाई. भुवईत खोक होती. ती पाटासमोर बसली, पुतळी उचलली, उलटी केली, नाव वाचलं. पुन्हा सुलटी केली. हळद लावायला म्हणून तिनं बोट बुडवलं, पण हळद लावायच्या आधीच तिचा अंगठा जाऊन त्या खळग्यावर बसला. तिनं बसवला नाही. तो गेला. आता तिथे तो अर्धाच मावत होता. आणि मग तो हलायला लागला, हळूहळू, पुढे-मागे, आणि कौसल्याचे डोळे मिटले.

आक्काबाई म्हणाल्या, “लाव की हळद. येळ चाललीय.”

कौसल्यानं डोळे उघडले नाहीत.

दाराशी साखरबाईंच्या मांडीवर छकुली पेंगत होती. तिचा हात सवयीनं वर चाचपडत गेला. तिथे धरायला काही नव्हतं. साखरबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं पदर वर ओढला. तेवढ्यात मला दिसलं. उन्हानं काळवंडलेल्या त्यांच्या गळ्यावर, जिथे पुतळी असायची तिथे, रुपयाएवढी एक जागा लहान बाळाच्या कातडीसारखी गोरी राहिली होती.